देवीला खोट चालत नाही

मी नोकरीभर बैल खच्ची केले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे आणि लपवाछपवीचा मला आता कंटाळा आलाय. गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. पनवेल-उरणकडच्या गावांत भातशेती होती तोवर घरटी बैल होते, आणि नांगराला जुंपायचा तर बैल खच्ची करावाच लागे. धरायला दोन माणसं, माझा लोखंडी चिमटा, की काम झालं. घरची बाई हळदकुंकू घेऊन यायची, बैलाच्या कपाळाला लावायची, त्याच्या कानाशी "माफ कर रे बाबा" म्हणायची. एखादा म्हातारा डोळे पुसायचा. मी घड्याळ बघत उभा. "आटपा हो, अजून चार गोठे बाकी आहेत! त्याला काही कळत नाही," असं खुशाल म्हणायचो.

आता माझं वय सदुसष्ट. हे लिहितोय ते माझ्या वयाच्या पुरुषांसाठी, ज्यांच्या हातात डॉक्टरांनी प्रोस्टेटचा रिपोर्ट ठेवलाय आणि जे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलेत. औषधांची नावं आणि आकडे इथे मिळणार नाहीत. ते डॉक्टरांना विचारा. स्वतः विचारा, मुलाला आत पाठवू नका.

कंबर

दिवाळीनंतर कंबर धरली. नोकरीत असताना शिरढोणच्या एका गोऱ्ह्याने लाथ घातली होती, तिच्यावर मी आजवर सगळी दुखणी ढकलत आलोय. हीही ढकलली. कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली, पट्टा आणला. लघवीला तासातासाला जावं लागे, तेही वयावर ढकललं. शेवटी आमचा मुलगा नितेश, तो तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये असतो, एका सुट्टीला मला धरूनच पनवेलमधल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. तरुण, हसरे डॉक्टर. मी त्यांना मनात 'धाकटे डॉक्टर' म्हणायचो.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला तिघं गेलो. डॉक्टर म्हणाले, "काका, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हाडांत गेलाय, मणक्यात दोन ठिकाणी दिसतोय. पण घाबरू नका, याला औषध आहे."

मी मान हलवली. पुढची दोन-तीन वाक्यं ऐकूच आली नाहीत. मग ते म्हणाले, "काका, तुम्ही आणि काकू जरा बाहेर बसता? मी नितेशशी बोलून घेतो."

आणि मी बसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या जनावरांचं बरंवाईट त्यांच्या तोंडावर सांगणारा मी, माझ्याच दुखण्याची बोलणी दाराबाहेरच्या बाकावर बसून टाळली. कुंदाने विचारलं, "काय बोलले?" मी म्हटलं, "औषध हाय बोलले." लिहिताना मी शुद्ध लिहितो, घरी आम्ही आगरीच बोलतो. तिने पिशवीतून डबा काढला, चपातीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आदी खा." मी खाल्ला. घरी पोचल्यावर मोरीत गेलो, नळ मोठा सोडला आणि रडलो. नळाचा आवाज कशासाठी होता हे घरात सगळ्यांना कळलं असणार.

उपचार असा ठरला: आधी गोळ्या, दोन आठवड्यांनी इंजेक्शन.

चप्पल

नवव्या दिवशी मी मासळी बाजारात गेलो होतो. बोंबील घेऊन निघालो, तर कोळीण मागून ओरडली, "अवो डागदर, तुमची चप्पल इथंच रायली!" खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल कधी निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. बाजारातला ओला, थंडगार चिखल, तोही लागत नव्हता. हातपाय गळाले म्हणतात ना, तसं नव्हे, पाय आधीच गळालेला होता.

नितेशने मला तसंच कळंबोलीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले सर्जन डॉ. मुकादम साठीचे, पांढरी दाढी, आमच्या कोकणातलेच मुसलमान. त्यांनी टाचणीने पाय टोचून बघितले, मशिनीत घातलं आणि रिपोर्ट आल्यावर खुर्ची माझ्यासमोर ओढली. नितेशला बाहेर जा म्हणाले नाहीत, मलाही नाही.

"दामोदरभाऊ, गाठ मज्जारज्जूला दाबतेय. आता लाइट देऊ, म्हणजे रेडिएशन, पण त्याबरोबर या कॅन्सरचं खाणंही तोडायला पाहिजे. त्याचं खाणं म्हणजे पुरुषाचा हार्मोन. इंजेक्शनने तो बंद व्हायला तीनेक आठवडे लागतात. वृषणं काढली तर उद्याच बंद होतो. तुमच्या पायांकडे तीन आठवडे नाहीत." मग फाइल चाळत म्हणाले, "पहिल्या डॉक्टरांनी दोन्ही रस्ते सांगितले असतीलच ना?"

मी नितेशकडे बघितलं. तो फरश्या मोजत होता. मुकादमांनी फाइलचं पान माझ्याकडे वळवलं. इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ इतकाच: शस्त्रक्रियेबद्दल मुलाशी बोलणं झालं, नकार.

"माज्या अंगाचा नकार तू दिलास?" मी ओरडलो.

"बाबा, कसा सांगनार होतो तुमाला?" नितेशला रडू फुटलं. "डॉक्टरच बोलले, आपल्याकडं बाप्यांना हे सुचवलं का ती खचतात. आन वर देवीचा मान आपल्या घरात. मी बोललो, नकोच. ते पन बोलले, ठीक हाय, मी पन सहसा सुचवत नाय."

राग आला, फार आला. पण खरं सांगतो, त्या दिवशी धाकट्या डॉक्टरांनी मला विचारलं असतं तर मीही नकोच म्हणालो असतो. पोराने फक्त माझं उत्तर माझ्याआधी दिलं होतं. मुकादमांनी मला तिथल्या तिथे दाखल करून घेतलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी नऊपर्यंत सांगा. हो किंवा नाही, तुमच्या तोंडून."

दादा

आमच्या गावची देवी कडक. चैत्रात तिची जत्रा असते आणि तिला बोकड लागतो. तो अंगाने शाबूत हवा. शिंग मोडलेलं नको, कान फाटलेला नको, आणि खच्ची तर अजिबात नको. बोकड तपासायचा मान आमच्या घराचा. वडिलांनंतर तो थोरल्या भावाकडे, बाळारामदादाकडे जायला हवा होता, पण मी ढोरांचा डागदर म्हणून गावाने माझ्याकडे दिला आणि दादा देवळाचा कारभार बघू लागला. मी बोकडाला चाचपून "शाबूत हाय" म्हटलं की मगच ढोल वाजतो. अंगाची खोट हुडकणारा मानकरी मी. आता माझ्याच अंगाला सुरी लागणार होती.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला दादा आला. त्याला नितेशने सगळं सांगितलं होतं. कॉटच्या कडेला बसून बराच वेळ माझ्या पायावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दामू, इंजेक्शनच घे."

"पाय जातील, दादा."

"देवीला खोट चालत नाय. बोकडाची चालत नाय, त मानकऱ्याची कशी चालंल?"

"इंजेक्शनानं पन तेच व्हतं. डॉक्टर बोलले."

"व्हत आसंल. पन दिसत नाय ना!"

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आलं. देवीला दिसत नाही असं त्याला म्हणायचं होतं की गावाला, ते मी विचारलं नाही. तो वाईट माणूस नाही. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःचं सोडलं. त्याला भीती होती की देवी कोपली तर जे आधीच झालंय त्याहून वाईट होईल, आणि ती भीती माझ्याही पोटात होतीच.

कुंदा माझी चादर घडी करत होती. ती घडी तिने ठेवली आणि दादासमोर उभी राहिली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दादाशी ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"दादा, माजी पिशवी काढली तवा तुमी आले व्हते हास्पिटलात. नारल घेऊन."

"व्हय."

"तवा देवीला कौल लावलावता कोनी? त्या वर्साला पन ओटी मीच भरली देवीची. मना कोनी इचारलं नाय, का गो, तू शाबूत हाईस काय."

दादा चाचरला. "बाईची गोष्ट येगली."

"येगलीच हाय. बाईचं काय पन काढा, कोनाचा मान जात नाय."

शेजारच्या कॉटवरचा माणूस पेपर बाजूला ठेवून ऐकत होता. दादा टोपी घेऊन उठला. आणि माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं: कुंदाच्या ऑपरेशनच्या दिवशी, गर्भाशय आणि अंडाशयं दोन्ही काढायची होती, माझ्यासमोर फॉर्म आला होता, नवऱ्याची सही म्हणून. मी पेपर वाचत होतो. पेपर न ठेवताच सही केली आणि दुपारच्या ड्युटीला निघून गेलो. तिचं वय तेव्हा एक्केचाळीस होतं.

हर्नियावाले दुसऱ्या मजल्यावर

सकाळी आठला हो की नाही ते सांगायला मला व्हीलचेअरवर मुकादमांच्या खोलीबाहेर नेऊन ठेवलं. शेजारच्या बाकावर हिरव्या साडीतली एक किन्नर बसली होती, मांडीवर लघवीची पिशवी, वर दुपट्टा. दोन बायका तिला बघून उठून पलीकडे जाऊन बसल्या होत्या. माझी खुर्ची मात्र वॉर्डबॉयने तिच्यापाशीच लावली.

"काय झालं काका?"

"हर्निया." घरातून गावाला हेच सांगायचं ठरलं होतं, तोंडातून तेच आलं.

ती फिस्सकन हसली. "हर्नियावाले दुसऱ्या मजल्यावर. इथे आपलं खालचं डिपार्टमेंट."

मला काय झालं कोण जाणे, घरी कुणाला धड सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तोंड वाकडं करून म्हणाली, "वा रे नशीब! तुम्हाला डॉक्टर हात जोडून देतायत आणि तुम्ही रडताय. मी बावीस वर्षांची होते, स्वतः मागायला गेले होते. एक डॉक्टर बोलला, पाप लागेल मला. दुसरा बोलला, लग्न कर, ठीक होशील. तिसऱ्याने तर शिपायाला सांगून बाहेर काढलं. मग काय करणार? आमच्यातल्या दाईकडे गेले. देवीचं नाव घेऊन केलं तिने. आमच्यात त्याला निर्वाण बोलतात, फार मोठी गोष्ट असते. जगले, ही देवीची मेहेरबानी. पण लघवीची वाट बंद होते सारखी, मग येते इथे वाट मोकळी करायला." तिचं नाव मीनाक्षी.

"आमची देवी म्हणते, खोट चालत नाही," मी म्हटलं.

"तुमची देवी बोलली की तुमचा भाऊ बोलला?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात तिचा नंबर आला. उठताना पिशवी सांभाळत म्हणाली, "बघा बाबा. पाय तुमचे आहेत."

माझी पाळी आली तेव्हा मी मुकादमांना आधी तेच विचारलं. ती बावीस वर्षांची तुमच्याकडे आली असती, तर केलं असतंत?

त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा? नाही. आमच्यात कुर्बानीला खस्सी, म्हणजे खच्ची केलेला, बकरा चालतो, दामोदरभाऊ, पण माणसाला खस्सी करणं हराम. उपचार म्हणून मुभा आहे, म्हणून तुमचं करताना माझा हात कापणार नाही. तिला मी डॉक्टरकीच्या पुस्तकातलं एखादं कारण सांगून परत पाठवलं असतं, आणि खरं कारण पुस्तकातलं नसतं. आता कायदा आहे, मानसोपचारवाल्यांचं पत्र असतं, करायला पाहिजे हे मला पटलंय. तरी हात आधी थांबतो. मग मी त्याला समजावतो." चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या धाकट्या डॉक्टरांचाही असाच थांबला असणार. आम्ही सगळे कोणाच्या ना कोणाच्या घरात वाढलेले."

मला बरं वाटलं. डॉक्टर म्हणजे फक्त विज्ञान, असं मी समजत होतो, आणि माझ्या मनातला गोंधळ म्हणजे माझा अडाणीपणा. तर गोंधळ टेबलाच्या दोन्ही बाजूंना होता. मी म्हटलं, "करा."

वॉर्डात कुंदा होती, तिथे क्लार्क फॉर्म घेऊन आला. म्हणाला, "काकू, तुमची सही लागेल. या ऑपरेशनला बायकोची घेतो आम्ही."

"नियम हाय?" कुंदाने विचारलं.

"पद्धत आहे."

तिने पेन माझ्या हातात दिलं. "आदी तुमी करा. पूर्ण वाचून करा. मंग मी."

मी वाचलं. प्रत्येक ओळ वाचली.

टेबलावर

तेवढ्याच भागाला भूल दिली होती, शुद्धीत होतो. छातीवर हिरवा पडदा. मुकादम पुटपुटले ते अल्लाचं नाव असावं, मी आमच्या देवीचं घेतलं. मग ते एकेक सांगत गेले, आता हे करतोय, आता थोडं ओढल्यासारखं वाटेल, आता शिवतोय. एवढं मी एकाही बैलवाल्याला सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने म्हणाले, "झालं, भाऊ." मला रडू आलं. एका सिस्टरने काही न विचारता गॉजच्या तुकड्याने माझे डोळे पुसले आणि तो तुकडा माझ्याच मुठीत ठेवला. तिचं नाव मला माहीत नाही, पण ती आठवते.

तिसऱ्या दिवशी कंबर दुखायची थांबली. थांबली म्हणजे अगदी थांबली! तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा कुशीवर झोपलो. मग दहा दिवस लाइट दिले. सहाव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला, आणि नितेश व्हरांड्यात जाऊन मोठ्याने नाक शिंकरून आला.

गावात हर्निया पसरला होता. लोक मोसंबी घेऊन यायचे. एकाने तर सदरा वर करून स्वतःच्या हर्नियाचा टाका दाखवला आणि माझा बघायला मागितला. मी म्हटलं, पट्टी आहे. महिनाभर तीच पट्टी होती म्हणायची.

आणि जे कुणी सांगत नाही ते सांगतो. मिशा आहेत तशाच आहेत. आवाज बदलला नाही. इच्छा गेली, ती गेलीच, खोटं बोलणार नाही. पहिले काही आठवडे आंघोळीला खाली बघायचो नाही. आपण आता कोण, असं वाटायचं. ते अजून एखाद्या दिवशी वाटतं. मग भाजी आणायला निघतो, दोन्ही पायांत चप्पल घालून, आणि ते जरा कमी होतं.

वाफा

महिन्याभरात नवीनच सुरू झालं. बसल्या जागी छातीतून आग उठायची, मानेवरून डोक्यात जायची. तोंड लालबुंद, घामाच्या धारा, छाती धडधडायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी जेवत होतो. वाटलं, आता हार्ट अटॅक, गेलोच! कुंदा मात्र शांतपणे उठली, ओलं फडकं मानेवर ठेवलं, पंखा माझ्याकडे फिरवला. "पाच मिन्टं. जाईल. चा कमी करा आन बनियन सुती घाला."

पाच मिनिटांत गेलं.

"तुना कसा म्हाईत?"

"म्हाईत हाय," म्हणाली आणि दूध उतरवायला गेली. मीही जेवायला लागलो. विचारायचं सुचलं नाही.

एकदा काठी टेकत धाकट्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. मला बघताच ते उठून उभे राहिले. "काका, चुकलं माझं. वर्षापूर्वी एका गृहस्थांना हे ऑपरेशन सुचवलं होतं. ते उठून गेले ते परत आलेच नाहीत, कुठलाच उपचार घेतला नाही. तेव्हापासून मी मुलांनाच विचारतो." आता काय भांडणार! मी म्हटलं, "पुढच्याला विचारा. तो उठला तर माझा नंबर द्या." त्यांनी लिहून घेतला.

जत्रा

चैत्र आला. दादा हॉस्पिटलातून गेला होता तो नंतर घरी दोनदा आला, पण बोकडाचा विषय काढला नाही. मीही नाही. जत्रेच्या दिवशी कुंदा आणि मी रिक्षाने गावात गेलो. ठरवलं होतं, दर्शन घ्यायचं, बाजूला बसायचं, तपासायला दुसरं कोणी उभं राहिलं तर राहू द्यायचं. तोंडाने तसं म्हणत होतो, पण आतून जीव तुटत होता. इतकी वर्षं ढोल माझ्या शब्दावर वाजलाय.

देवळात खचाखच गर्दी. धूप, दिवे, वर पत्रा तापलेला. दादा गाभाऱ्याच्या दाराशी उभा, डाव्या हाताला बाप्ये, उजव्या हाताला ओट्या घेतलेल्या बायका, त्यात कुंदा. मी देवीसमोर हात जोडले, आणि नेमकी तेव्हाच छातीतून वाफ उठली. इतकी मोठी कधीच आली नव्हती. तोंड पेटलं, अंगातून धारा लागल्या, काठी धरलेला हात थरथरायला लागला. मी डोळे मिटले.

"आली! आली! डागदराच्या अंगात आली!" कोणीतरी ओरडलं.

ढोल सुरू झाला. आजूबाजूची माणसं मागे सरली, हात जोडले गेले, कोणीतरी माझ्या पायावर पाणी घातलं. डोळे उघडले तर समोर दादा, मुठीत हळद, डोळ्यांत पाणी. माझ्यापुढे तो कमरेत वाकला, जन्मात पहिल्यांदा.

"आये," तो म्हणाला, "सांग तूच. माज्या भावाचा काय चुकला काय? त्याच्या हातचा बोकड चालंल ना तुना?"

फक्त मान हलवायची होती. देवीने स्वतः सांगितलं म्हटल्यावर गावात कोणाची बिशाद होती तोंड उघडायची? मान राहिला असता, हर्निया हर्नियाच राहिला असता, दादाच्या जिवाला कायमचा आराम पडला असता. मान हलवावीशी वाटली, हे कबूल करतो. मग बायकांच्या रांगेत कुंदा दिसली. हे अंगात येणं नव्हे हे त्या गर्दीत तिला एकटीला ठाऊक होतं. ती मी काय करतो ते बघत होती.

"दादा, देवी नाय आली," मी म्हटलं. "वाफ आली हाय. माजा हर्निया नवता. कॅन्सर हाय. बैलाचं करायचो ना मी, तेच माजं केलं हास्पिटलात, तवा पाय वाचलं. त्याच्यानं वाफा येतात."

ढोल एकदम थांबला नाही. एकेक हात थांबत गेला. बाप्यांच्या बाजूला कोणी वर बघेना. मला वाटलं, आता काठी उचलावी आणि निघावं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आमची सखूआत्या, ऐंशीच्या पुढची, खणखणीत आवाजात म्हणाली, "अगो बाय! मना येत व्हत्या तशाच! सात वर्सं! आन मी बोलायची, करनी केली कोनी!"

"मना आजून येतात," दुसरी म्हणाली. मग तिसरी. बघता बघता बायकांची अख्खी रांग हसायला लागली, एकमेकींना सांगायला लागली, देवीसमोर, ओट्या हातात घेऊन. बाप्ये आपले पायांकडे बघत.

दादाची हळदीची मूठ तशीच हवेत होती. त्याने एकदा देवीकडे बघितलं, एकदा कुंदाकडे. मग हळद माझ्या कपाळाला चोळली, इतकी जोरात की डोकं मागे गेलं, आणि पोरांवर ओरडला, "उभं काय रायलात? बोकड आना!"

मी शिंगं बघितली, कान बघितले, खाली हात घालून चाचपलं. "शाबूत हाय," म्हटलं. ढोल वाजला.

सगळं गोड झालं असं नाही. दोघं-तिघं प्रसाद न घेता गेले. एकाने दादाला सुनावलं, पुढच्या वर्षी मान बदला. दादा म्हणाला, "पुडचं पुडं." तो अजूनही माझ्यासमोर ऑपरेशनचं नाव काढत नाही.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. रिक्षात कुंदाने पदराने माझ्या कपाळाची हळद पुसली. मी विचारलं, "तुना वाफा येत व्हत्या, पिशवी काढल्यावर, तवा तू कोनाला सांगितलंस?"

ती बाहेर बघत राहिली. "कोनाला सांगनार? पंखा लावला का तुमी बोलायचे, बंद कर, मना थंडी वाजते."

मला आठवलं. अगदी माझ्या आवाजासकट आठवलं.

"किती वर्सं येत व्हत्या?"

"आता इचारताय?"

"आता कळलं, म्हनून इचारतो."

तिने हळदीचा पदर झटकला. मग बोलायला लागली. ऑपरेशनच्या दुपारी मी ड्युटीवर गेलो तिथपासून. आमची बिल्डिंग आली, रिक्षा थांबली, आणि ती अजून पहिल्याच वर्षात होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "थांबू नको. स्टेशनावरून फिरवून आण."